आपापली बाटली घेऊन या

पत्राला उत्तर देण्याच्या बाबतीत आजोबांचा हात धरणारा उभ्या घराण्यात कोणी नव्हता! विजेच्या बिलाला 'ग्राहकांनी आपल्या सूचना कळवाव्यात' असा छापील कागद जोडून आला, तरी आजोबा चष्मा पुसून बसायचे आणि विचारपूर्वक सूचना कळवायचे. एका पत्राचं उत्तर तेवढं राहिलं, आणि ते नेमकं नातीचं!

नात दूरच्या शहरात प्रसाधनांच्या एका बड्या कंपनीत होती. क्रीम दुसरे लोक करायचे, ही क्रीमच्या डब्या करायची. तिने लिहिलं होतं:

'आजोबा, काल माझी डबी मंजूर झाली. बाहेरून मुठीएवढी, आत क्रीम चमचाभर. खाली दुहेरी तळ, वरून खोकं, खोक्यावर चकचकीत कागद, आणि आत कुणीही न वाचणारं माहितीपत्रक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तुमच्या गोष्टीतलं ते दुकान आठवत राहिलं. तुम्ही लहानपणी आईचं बोट धरून रिकामी बाटली घेऊन तेल आणायला जायचात, आणि मापाच्या तळाशी राहिलेला शेवटचा थेंब दुकानदार तुमच्या टाळूवर टेकवायचा, ते! तसं दुकान मला काढायचंय. नोकरी सोडतेय. गल्ल्यावर बसायला याल का?'

आजोबांच्या मनात उत्तर लगेच तयार झालं होतं. हो! पण लिहायचं कसं? जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. दुसऱ्याच्या लिहिण्यातल्या चुका शोधाव्या लागत. स्वतःच्या लिहिण्यात त्यांना चुकांखेरीज काही दिसतच नसे! 'जरूर येईन' लिहिलं, तर आपण बॅग भरूनच बसलोय असं वाटायचं. 'येण्याचा प्रयत्न करीन' म्हणजे थेट मंत्र्याचं उत्तर! शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मला हिशेब जमत नाही, अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही,' आणि ते वाचून त्यांना स्वतःलाच पटलं की असल्या माणसाला गल्ल्यावर बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. कागद फाटला. पुढचाही फाटला.

शेवटी नातच येऊन दारात उभी राहिली.

"उत्तर कुठाय?"

"लिहितोय."

"दाखवा."

"अजून कच्चं आहे गं."

नातीने त्यांची बॅग उचलली, त्यात कपडे कोंबले, वर चार जाडजूड कादंबऱ्या ठेवल्या आणि आजोबांना उचलून दुकानामागच्या खोलीत मुक्कामाला आणलं म्हटलं तरी चालेल. "पण उत्तर मला हवंय हं, आजोबा! लेखी! मी स्वतः पत्र लिहिलंय, स्वतः तिकीट चिकटवलंय!"

तेव्हापासून रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ती विचारायची, "आलं का माझं उत्तर?"

आजोबा म्हणायचे, "दुरुस्तीला आहे."

दुकान एका वसाहतीत, बेकरी आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं. एका भिंतीला शांपूचे आणि तेलाचे नळ लावलेले डबे, समोर झाकणाच्या बरण्यांत क्रीम, कोपऱ्यात उघड्या साबणांची रास. वेष्टण म्हणून औषधालासुद्धा नाही! सुरुवातीला नातीने वेष्टणं करून पाहिली होती. मातीत विरघळणाऱ्या पिशव्या आणल्या, पण माती लागेपर्यंत त्यांना धीर कुठला! फळीवरच विरघळू लागल्या. मग कागदाच्या नळीत ओठांचं मलम भरलं. पहिल्याच उकाड्यात मलम कागदात शिरलं आणि नळ्या वितळलेल्या मेणबत्त्यांसारख्या एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून पडल्या. तेव्हा नात म्हणाली, "बस्स! ज्याने त्याने आपली बाटली घेऊन यायचं!"

पण बाटली आणली आणि भरून दिली, इतकं ते सोपं नव्हतं. आत पाण्याचा थेंब राहिला तर क्रीम नासतं. म्हणून बाटली आज ठेवून जायची. ती गरम पाण्याने धुऊन, उबदार कपाटात वाळवून, दुसऱ्या दिवशी भरून मिळायची. प्रत्येक बाटलीला दोऱ्याने एक जाड कागदाची चिठ्ठी. वर नाव, खाली माल. नात मागच्या खोलीत क्रीम घोटणार, आणि पुढचं सगळं, म्हणजे बाटल्या घेणं, धुणं, भरणं, देणं, हे आजोबांकडे.

"एवढंच ना!" आजोबा म्हणाले. "हे तर मी झोपेतसुद्धा करीन!"

झोपेत केलं असतं तर बरं झालं असतं. जागेपणी पहिलीच बेकरीवाली समोर उभी राहिली आणि आजोबांच्या घशातून 'नाव' हा शब्द काही केल्या बाहेर पडेना!

हे दुखणं जुनं होतं. आजी, म्हणजे त्यांची पत्नी, छापखान्याच्या बांधणी विभागात होती. शिवलेल्या पुस्तकांच्या चळतीमागे बसलेली असायची, आणि हसली की आजोबांच्या हातातल्या प्रुफात चुका राहून जायच्या. तिचं नाव विचारायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि ते विचारेपर्यंत दोन कादंबऱ्या छापून, बांधून, विकूनसुद्धा झाल्या. तेही शेवटी तिनेच विचारलं, "तुम्हाला माझं नाव हवंय की खळीचा डबा?" आजोबा म्हणाले होते, "खळीचा डबा." आणि दुसऱ्या दिवशी खळ परत द्यायच्या निमित्ताने नाव!

तर बेकरीवाली बाटली ठेवून निघून गेली. आजोबांपुढे कोरी चिठ्ठी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नावाच्या जागी लिहिलं: 'बेकरीवाली. दोन्ही हातांना सदा पीठ, म्हणून निरोप घेताना कोपर हलवते.'

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. सवयीने पेन्सिल उचलली, आणि खाली ठेवली. दुरुस्त करायला काही सापडेना! असं त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

मग काय, एकदा धीर चेपला! येईल त्याची चिठ्ठी होऊ लागली. दुसऱ्या दिवशी माणूस आला की आजोबा चेहऱ्यावरून ओळखायचे, चिठ्ठी गुपचूप तोडून खिशात टाकायचे आणि बाटली पुढे करायचे. कोणाला काही कळत नव्हतं.

"आजोबा, सगळ्यांची नावं पाठ झाली की काय तुम्हाला!" नात कौतुकाने म्हणायची.

आजोबा नुसतं "हं" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. पूर्ण वाक्यच नव्हतं ते!

दुकान तसं अजून बाळसं धरत नव्हतं. सगळं अडलं होतं हेडमास्तरीणबाईंवर. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेतून, वसाहतीतून नव्हे. वसाहतीतल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा, आणि कोणी कुठला साबण लावावा हे मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. त्या दुकानात आल्या, नळ उघडून पाहिला, बंद करून पाहिला आणि म्हणाल्या, "सगळ्या जणी एकेक बाटली ठेवतील. शनिवारी दुपारी न्यायला येऊ. व्यवस्था पसंत पडली तर अख्खं मंडळ तुमचं गिऱ्हाईक. नाही पडली तर नाही!"

नात रात्रभर खूश, आणि सकाळी काळजीत. "हे जमलं नाही ना आजोबा, तर मी परत दुहेरी तळ करायला जाणार बघा!"

शुक्रवारी आजोबांनी बाटल्या घासून घासून अशा लख्ख केल्या की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. फळीवर ओळीने मांडल्या. प्रत्येकीला चिठ्ठी. आणि शनिवारी दुपारी, मंडळी यायच्या थोडं आधी, त्यांची दाढ दुखायला लागली!

शेजारची दातांची डॉक्टरीण कधीपासून टपलीच होती. "आजोबा, ही दाढ आता तुमची राहिलेली नाही, सोडा तिला! पाच मिनिटांत मोकळं करते!" नात तेलाचा डबा आणायला गेली होती. दुकानात मदतीला आलेली सूनबाई, म्हणजे नातीची आई, म्हणाली, "जा बाबा, खुशाल जा. चिठ्ठ्या लावल्यात ना? मी वाटते बाटल्या!"

आजोबांना 'नको' म्हणायचं होतं, पण डॉक्टरणीने तोवर त्यांचं तोंड तपासायला उघडलं होतं आणि तसंच उघडं धरून त्यांना घेऊन गेली.

आता सूनबाईचा व्यवसाय सांगायला हवा. ती रेल्वे स्टेशनवर घोषणा करायची! समोर कागद आला की तो शेवटच्या अक्षरापर्यंत, न अडखळता, दूरवर ऐकू जाईल असा वाचायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. अर्थाकडे लक्ष द्यायला तिथे वेळ कुणाला असतो!

पुढे जे झालं ते आजोबांना नंतर कळलं, तेही प्रत्येकाकडून वेगवेगळं. पण एवढं खरं, की दुकान भरलं, हेडमास्तरीणबाई सर्वांत पुढे उभ्या राहिल्या, सूनबाईने पहिली बाटली उचलली आणि घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या! उंच बाई! बोलण्याआधी यांच्या भुवया वर जातात, आणि त्या खाली येईपर्यंत समोरचा माणूस माफी मागून मोकळा होतो! कृपया पुढे यावे!"

हेडमास्तरीणबाईंच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"माफ करा हं!" सूनबाई म्हणून गेली.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. पुढे कोणीच आलं नाही. सूनबाई बिचारी गोंधळली. गडबडीत काही सुचेना, तर सवय कामाला आली. दुसरी बाटली!

"टोपीवाले गृहस्थ! शांपू नेतात! कशासाठी, ते विचारू नये!"

मंडळातल्या एका बाईंबरोबर आलेले टोपीवाले गृहस्थ एकदम छताकडे पाहू लागले. जणू आयुष्यात छत प्रथमच पाहत होते! मग त्यांनी फळीवरची हाताला लागली ती बरणी काखेत मारली आणि हळूच पसार झाले.

"काकू! वय विचारलं नाही तर सांगतात, विचारलं तर वेगळं सांगतात!"

"कोण गं ही?" गुलाबी छत्रीवाल्या काकू कुतूहलाने म्हणाल्या. "आपल्यातली नसेल हो!"

थोडक्यात, फळीवर बाटल्या तशाच आणि समोर माणसं तशीच! आपली बाटली घ्यायची म्हणजे चिठ्ठी कबूल करायची. कोण करणार? एकमेकांकडे बघणं सुरू झालं, मग कुजबुज, मग "हे तुझंच वर्णन गं!" "माझं? आरशात बघ!" अशी जुंपली. आणि अशात सूनबाईच्या हाताला एक लहानशी, निळ्या काचेची बाटली लागली.

"हसली की बंद खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं! हिला तेल कमी पडू देऊ नये! कृपया पुढे..."

"माझी!"

"माझी हो ती!"

"माझी आहे!"

पहिला आवाज बेकरीवालीचा, दुसरा छत्रीवाल्या काकूंचा. आणि तिसरा, सगळं दुकान वळून बघत राहिलं, हेडमास्तरीणबाईंचा!

"तुमची कशी असेल?" बेकरीवाली म्हणाली. "तुम्ही हसलेलं कुणी पाहिलंय?"

"मी घरी हसते!" हेडमास्तरीणबाई कडाडल्या.

"निळ्या काचेची बाटली माझ्या माहेरी होती!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी बाटलीचं तोंड धरलं. बेकरीवालीने बूड धरलं. हेडमास्तरीणबाईंनी चिठ्ठी धरली. सूनबाई मधे अडकली आणि ओरडू लागली, "कृपया शांतता राखा! शांतता राखा!"

नेमके तेव्हा आजोबा दारात आले. एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी ओढाताण पाहिली, आणि ओढाताणीच्या मधोमध ती निळी काच पाहिली.

जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस! त्यांनी तोंडातून कापूस काढला आणि ओरडले, "सोडा तिला!"

तिघींनी एकदम हात काढले. बाटली सुटली! सूनबाईने ती पोटाशी झेलली. बूच जागचं हललं आणि तेलाचा वास दुकानभर पसरला. जुना, दाट, दुपारच्या वेळी उन्हात वाळत असलेल्या केसांचा.

"ही... आमच्या हिची बाटली आहे," आजोबा म्हणाले. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे हळू बोलावं लागत होतं. "नातीला त्या जुन्या तेलाचा वास परवा बरोब्बर जमला. म्हटलं, एकदा भरावी. घरात ही कधी रिकामी नसायची. हिचं तेल संपत आलं की ही काही बोलायची नाही, नुसती बाटली खिडकीत ठेवायची. मी कामावर जाता जाता उचलायचो."

"कुठे असतात त्या?" बेकरीवालीने विचारलं.

आजोबांनी मान हलवली. तेवढं सगळ्यांना पुरलं.

हेडमास्तरीणबाईंच्या हातात अजून चिठ्ठी होती. त्यांनी ती पुन्हा वाचली. "पण इथे तर त्या अजून आहेत असंच लिहिलंय."

"हो," आजोबा म्हणाले. "तपासताना तेवढी चूक नजरेतून सुटली."

मग हेडमास्तरीणबाईंनी ती चिठ्ठी निळ्या बाटलीला परत बांधली, अगदी घट्ट, शाळेतल्या मुलीच्या वेणीला रिबीन बांधावी तशी. आणि फळीकडे हात करून म्हणाल्या, "त्या भुवया माझ्या. द्या इकडे."

"आणि ते वयाचं," छत्रीवाल्या काकू पुटपुटल्या, "असेल बाई माझंच. पण मी वेगळं सांगते ते कमीच सांगते ना? मग बिघडलं कुठे!"

एकेक जण पुढे येऊ लागलं. इतक्यात टोपीवाले गृहस्थ धापा टाकत परत आले. "अहो, ही बरणी कुणाची? मी शांपू समजून लावलं आणि कितीही पाणी ओतलं तरी जाईना!" त्यांनी कळवळून टोपी काढली. वसाहतीने ते दृश्य प्रथमच पाहिलं! गुळगुळीत डोकं, त्यावर काकूंचं कोल्ड क्रीम, आणि क्रीमवर खिडकीतलं सगळं ऊन! काकू म्हणाल्या, "ठेवा आता तुम्हीच! चमक तर छान आलीय!"

नात तेलाचा डबा घेऊन आली तेव्हा सगळे हसत होते आणि आजोबा मागच्या खोलीत बॅग भरत होते.

"हे काय?"

"मी तुझं दुकान बुडवलं पोरी. नाव विचारायचं एवढं साधं काम, तेही..." त्यांनी कादंबरी बॅगेत ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. "मी जातो."

नात बाहेर गेली. फळीवरच्या उरलेल्या चिठ्ठ्या तिने एकेक करून वाचल्या. सूनबाईने घडलेलं सांगितलं. अर्थात, बेकरीपर्यंत ऐकू जाईल असं! शेवटी हेडमास्तरीणबाईंनी हातातली बाटली वाजवून निकाल दिला.

"व्यवस्था स्वच्छ आहे. क्रीम ठीक आहे. मंडळ येईल. मात्र एक अट! या चिठ्ठ्या आजपासून बंद! सरळ नाव लिहायचं!"

"मग आम्ही नाही येणार!" छत्रीवाल्या काकू म्हणाल्या.

"काय?"

"नुसतं नाव तर काय, आमच्या दारावरपण आहे! चिठ्ठी मिळणार असेल तर येऊ. नाहीतर बाजारातलं चकचकीत खोकं काय वाईट आहे?"

"बरोबर आहे!" मागून दोघीतिघी ओरडल्या. टोपीवाल्यांनी टोपी वर करून पाठिंबा दिला.

हेडमास्तरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. सगळे वाट पाहत राहिले. पण या खेपेला कोणीच माफी मागितली नाही, आणि भुवयांना आपल्या आपण खाली यावं लागलं.

"कंपनीत मी जन्माला पुरतील एवढी वेष्टणं केली," नात कपाळावर हात मारून म्हणाली, "कुणी एक घरी जपून ठेवलं नाही! इथे सगळं काढून टाकलं, तर लोक चिठ्ठीसाठी भांडतायत!" मग ती मागच्या खोलीत आली. "आजोबा, बॅग खाली ठेवा. बाहेर गर्दी आहे."

"पण मला ते नाव विचारणं..."

"नका विचारू!"

"आणि हिशेब..."

"तो मी बघते. माझ्या पत्राचं उत्तर आल्याशिवाय तुम्हाला असं निघून जाता येणार नाही! टपालाचा काही नियम आहे की नाही?"

रविवार उजाडला. आजोबांच्या गालाची सूज उतरली होती. त्यांनी कोरा कागद घेतला आणि न थांबता लिहिलं: 'तुझं पत्र पोचलं. गल्ल्यावर बसायला येतो. माणसांशी बोलायला अजूनही जमत नाही, पण ती छान दिसतात. उशिराबद्दल राग नसावा.' प्रूफ न तपासताच त्यांनी कागद पाकिटात घातला. उघडून पाहायचा मोह होईल म्हणून पाकीट जरा जास्तच चिकटवलं, इतकं की अंगठाही त्यालाच चिकटला. वर दुकानाचा पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाले.

वाटेत बेकरीवालीने कोपर हलवलं. "कुठे निघालात सकाळीच?"

"नातीला पत्र टाकायला."

"नात कुठे गेलीय?"

"दुकानात आहे. झाडतेय."

बेकरीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पुढे काही विचारलं नाही आणि एक गरम पाव कागदात न गुंडाळताच त्यांच्या हातात ठेवला.

पेटीपाशी ते थोडे रेंगाळले. मग पाकीट आत सरकवलं. खाली पडल्याचा आवाज आला. परत फिरून चार पावलं टाकली असतील नसतील, तोच त्यांना एक फार सुंदर वाक्य सुचलं! पत्राची सुरुवात खरं तर त्याच वाक्याने व्हायला हवी होती. आजोबा थबकले. वळले. पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. जेमतेम दोन पेरं आत गेली.

पत्र पडलं होतं. आजोबांनी नाइलाजाने ते वाक्य पावाबरोबर गिळलं आणि दुकानाची वाट धरली.